माहुलीच्या डाव्या खांद्याला

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

तुमच्यातले बरेच जण आत्ता लोकलमध्ये असणार, कानात हेडफोन घालून. मीही त्यातलीच. कसारा लोकलवाली. आसनगावला डबा बराच रिकामा होतो, आटगावला मी उतरते. मुंबईपासून रेल्वेनं नव्वद किलोमीटरच्या वर. स्टेशनपासून घरापर्यंत चालत जाताना एका वळणावर फोनची रेंज जाते. रोज त्याच वळणावर. मग मी काय करते, फोन हातात धरून उंच करते. दोन पावलं मागे येते, थोडी तिरकी होते. रेंज आली की तशीच उभी राहते.

परवा बाबांनी मला असं उभं बघितलं आणि हसले. म्हणाले, "अगं, माहुलीच्या डाव्या खांद्याला कर."

आमच्या घरात हे वाक्य कुणी पंधरा वर्षांत उच्चारलं नव्हतं. त्याचा अर्थ कळायला तुम्हाला दूरदर्शनचा इतिहास ऐकावा लागेल. आजचा भाग त्याच्यावरच आहे. पण दिल्लीहून सुरुवात नाही करत, आमच्या कौलांवरून करते.

आटगावातून नैर्ऋत्येकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला माहुलीचा किल्ला दिसतो. सुळक्यांची ती रांग ट्रेकर मंडळींना माहीत असेल. त्या डोंगराच्या डाव्या बाजूला, जिथे उतार संपतो, तिथे नजर लावायची. त्या रेषेत पुढे, खूप पुढे, मुंबईत वरळीला दूरदर्शनचा मनोरा आहे. बाबांनी हजारभर अँटेना तरी या एका हिशेबावर बसवले असतील. लांब दांड्यांचा तो अॅल्युमिनियमचा अँटेना, जीआय पाइप किंवा सरळ बांबू, आणि खालून कुणीतरी ओरडणारं: "आलं का?" घरातून उत्तर: "आलं! आलं! गेलं!"

बाबांनी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि शहापूरला छोटं दुकान टाकलं. त्यांचा एक सिद्धांत होता, वीस फुटी बांबूला मुंग्या, तीस फुटी बांबूला माणसं. (मुंग्या म्हणजे पडद्यावर खरखर करणारे ते ठिपके. तुमच्यापैकी काहींनी ते बघितलेच नसतील, म्हणून सांगितलं.) लहानपणी मला हा सिद्धांत म्हणजे नुसती बढाई वाटायची. मोठी झाल्यावर हिशेब करून पाहिला. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण साठ-बासष्ट किलोमीटरवर संपतं. टीव्हीच्या लहरी जमिनीलगत किंचित वाकतात, म्हणून सत्तरपर्यंत धरा. आणि आमचं गाव वरळीपासून सरळ रेषेत पंचाहत्तरच्या आसपास! म्हणजे वरळीच्या दृष्टीनं आम्ही क्षितिजाच्या पलीकडचे. आमचा अँटेना जेवढा वर जाईल तेवढेच आम्ही तिला दिसणार. बाबांना सूत्र माहीत नव्हतं, बांबू माहीत होता.

हे मी एवढं लांबण लावून का सांगतेय? तर दूरदर्शनचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक स्टुडिओतून सांगतात. कोण निवेदक होतं, कुठली मालिका गाजली वगैरे. तो इतिहास छानच आहे. पण मनोऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना तो वेगळा दिसतो.

बरं, आता दिल्ली. थोडक्यात.

१५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, युनेस्कोच्या मदतीनं. रोजचं नव्हे, आठवड्यातून मोजके तास, तेही दिल्ली आणि आसपासच. रोजचे कार्यक्रम १९६५ला सुरू झाले. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच एक भाग होता. दुसऱ्या शहराला टीव्ही मिळायला १३ वर्षं लागली. ते शहर मुंबई, तारीख २ ऑक्टोबर १९७२. वर्ष लक्षात घ्या. महाराष्ट्रात ज्याला नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी म्हातारी माणसं गप्प होतात, ते दुष्काळाचं वर्ष. राज्यात लाखो माणसं खडी फोडत होती आणि वरळीत स्टुडिओचे दिवे लागत होते. यात कुणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. दोन्ही एकाच वर्षी झालं, एवढंच. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं.

मुंबई केंद्रातून जे लोक दिसले त्यांची नावं तुमच्या आईबाबांना विचारा, चेहरा उजळतो की नाही बघा. स्मिता पाटील आधी इथे बातम्या द्यायच्या, सिनेमात नंतर गेल्या. भक्ती बर्वे, अनंत भावे, मग प्रदीप भिडे. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'किलबिल'. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. 'साप्ताहिकी' नावाचा एक कार्यक्रम असायचा, त्यात पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते सांगायचे, आणि लोक तोही आवडीनं बघायचे. विचार करा, नुसती यादी बघायला लोक बसायचे. तुम्ही-आम्ही ओटीटीवर अर्धा तास यादीच खाली सरकवत बसतो, म्हणा.

१ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. पण सरकारपासून वेगळं झालं नाही, आणि तो काळ आणीबाणीचा. तेव्हाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. फेब्रुवारी १९७७मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती. त्याच संध्याकाळी टीव्हीवर 'बॉबी' लावला, लोक घरीच बसावेत म्हणून. तरी सभेला गर्दी झाली ती झालीच. सिनेमा बघायला फुकट मिळत असताना लोक भाषण ऐकायला गेले, हे आज सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मग १९८२. १५ ऑगस्टपासून देशभर एकच 'राष्ट्रीय कार्यक्रम' आणि त्याच सुमारास रंग. नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड. त्यानंतर प्रक्षेपकांची जी लाट आली, १९८४मध्ये काही महिने तर सरासरी रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता म्हणतात. 'हम लोग' त्याच वर्षीचं. 'रामायण' जानेवारी १९८७ला, 'महाभारत' पुढच्या वर्षी ऑक्टोबरात. रामायणाच्या वेळी रस्ते ओस पडायचे हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय, ते मी पुन्हा सांगत नाही. आमच्याकडे काय व्हायचं ते सांगते.

हे माझ्या जन्माआधीचं. बाबांच्या तोंडून ऐकलेलं. आमच्या आळीत पहिला टीव्ही आला तो रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका साहेबांकडे. लाकडी पेटीचा, सरकत्या शटरचा. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. ओळखीची माणसं आत, सतरंजीवर. पोरं पुढे. बाबा पोरांमध्ये. बायका स्वयंपाकघराच्या दारात. आणि पाड्यावरची माणसं, ठाकूर, कातकरी, खिडकीबाहेर. कुणी त्यांना हाकललं नाही असं बाबा आवर्जून सांगतात. पण कुणी आतही बोलावलं नाही. खिडकीला गज होते, गजांतून टीव्हीचा अर्धा पडदा दिसायचा. एक म्हातारबाबा तर मागे उभे राहून फक्त ऐकायचे आणि पुढचा माणूस त्यांना काय चाललंय ते सांगायचा.

ही खिडकी डोक्यात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आमच्या आजोबांचा कार्यक्रम. 'आमची माती, आमची माणसं'. मुंबई दूरदर्शनचा शेतीचा कार्यक्रम, कित्येक वर्षं चालला. आजोबा त्यावेळी कुणाला बोलू द्यायचे नाहीत. स्वतः मात्र सतत बोलायचे, टीव्हीशी. एकदा कुणी तज्ज्ञ भाताच्या रोपांसाठी राब भाजू नका असं समजावत होते. आमच्याकडे आवणीच्या आधी रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. आजोबा टीव्हीला म्हणाले, "तण काढायला तू येतो का मंग?" पण पुढच्या वर्षी एका कोपऱ्यात त्यांनी राब न भाजता रोप टाकून बघितलं. काय झालं विचाराल तर तण झालं. आजोबा जिंकल्यासारखे महिनाभर ते तण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

मला यातली गंमत पुढे कळली. आजोबा त्या माणसाशी वाद घालू शकत नव्हते. तो बोलणार, आजोबा ऐकणार. वरळीचा मनोरा फक्त सांगायचा, ऐकायचा नाही. दुसरा मार्ग नव्हता असं नाही हं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. १९७५मध्ये इस्रोनं तिथे छोटा प्रक्षेपक बसवला आणि त्या जिल्ह्यातल्या माणसांचे प्रश्न, त्यांच्याच गावात जाऊन, त्यांच्याच तोंडून टीव्हीवर आणले. मजुरी, व्याजबट्टा, गावातली भांडणं, सगळं. त्याला १९८४मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण तो प्रयोग प्रयोगच राहिला. देशभर पसरला तो उंच मनोरा आणि राष्ट्रीय कार्यक्रम.

मग आम्ही टीव्हीत कधी दिसलो? सांगते. जुलैत. दरवर्षी.

संध्याकाळच्या सातच्या बातम्या. त्या आमच्या घरी आरतीसारख्या लागायच्या. आणि जुलैच्या कुठल्यातरी संध्याकाळी निवेदक शांतपणे सांगणार: तानसा तलाव भरून वाहू लागला. मोडकसागर भरला. मुंबईकरांना दिलासा.

तानसा म्हणजे आमचा. आटगाव स्टेशनवरूनच तानसा धरणाकडे रस्ता जातो. १८९२पासून त्याचं पाणी मुंबईला जातंय, मोठ्या पाइपांतून, नुसत्या उतारानं. भातसाही आमच्याच शहापूर तालुक्यात. मुंबई पिते त्यातलं बहुतेक पाणी आमच्या डोंगरांवर पडलेलं असतं. आणि आमच्याच तालुक्यात एप्रिल-मे आला की कितीतरी गावांना, पाड्यांना टँकर लागतो. आजीचं माहेर तशाच एका पाड्याजवळ. तिनं आयुष्यभर हंडे वाहिले. बातमीत तानसाचं नाव आलं की ती हातातलं काम टाकून यायची. कौतुकानं म्हणायची, "आपला तानसा टीवीत आला." आणि लगेच, "भरला का? मंग आपल्या विहिरीला काय?"

बाबा म्हणायचे, "आई, नाव तरी घेतलं ना." आजी म्हणायची, "नाव मुंबयवाल्यांसाठी घेतलं."

मला दोघांचंही पटतं, अजूनही. उतारानं पाणी मुंबईला जायचं, हवेतून चित्र मुंबईहून यायचं. पाण्याला मीटर होता, चित्राला नव्हता. म्हणजे आधी होतं हं, टीव्हीचं लायसन काढावं लागायचं, पोस्टात पैसे भरून. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. नंतर ज्याच्याकडे डबा आणि बांबू आहे त्याला चित्र फुकट.

या फुकटची किंमत मला एकदाच कळली. त्यासाठी २००५मध्ये जावं लागेल.

२६ जुलै, मंगळवार. मी आठ वर्षांची. बाबा सकाळच्या गाडीनं मुंबईला गेलेले, लॅमिंग्टन रोडला. दुकानाचं सामान तिथूनच यायचं, आयसी, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर. दुपारनंतर पाऊस असा लागला की बोलायला नको. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मला नंतर पाठ झाला. तेव्हा एवढंच माहीत होतं की संध्याकाळची गाडी आली नाही. रात्रीचीही नाही. वीज गेली. फोन आधी एंगेज लागायचा, मग लागेचना. केबल आमच्या आळीत आलेली होती, पण वीज नाही म्हणजे केबलवाल्याचं यंत्रही बंद.

दुसऱ्या दिवशीही बाबांचा पत्ता नाही. आई काही बोलत नव्हती. ती भांडी घासत होती, घासलेली भांडी पुन्हा घासत होती. संध्याकाळी आजोबा उठले. दुकानातून दुरुस्तीला म्हणून घरी आणलेला एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, बॅटरीवर चालणारा. शेजारच्या काकांकडून ट्रॅक्टरची बॅटरी आणली. जुना अँटेना अजून कौलांवर होता, पण वाऱ्यानं फिरला होता. आजोबांना वर चढता येईना. मग मी चढले. आईनं दोन्ही हातांनी शिडी धरली. पाऊस चालूच. मी तो पाइप मिठी मारून फिरवतेय आणि आजोबा आतून ओरडतायत, "माहुलीच्या डाव्या खांद्याला! डाव्या!" माहुली कुठे दिसत होती? सगळं राखाडी. मी अंदाजानं फिरवला.

चित्र आलंच नाही. मुंग्या. पण आवाज आला. (माझा पहिला पॉडकास्ट म्हणा हवं तर.) सातच्या बातम्या होत्या. कुठे किती पाणी, लोकल कुठपर्यंत बंद, माणसं कार्यालयांत, शाळांत, स्टेशनांवर कशी अडकलीत. बाबांचं नाव काही येणार नव्हतं, ते आठ वर्षांच्या मलाही कळत होतं. पण सगळी मुंबईच अडकलीय, एकटे आपले बाबाच नाहीत, हे त्या आवाजातून कळलं, आणि आईनं दोन दिवसांत पहिल्यांदा चहा टाकला. आळीतली आणखी पाच-सहा घरं आमच्या ओटीवर येऊन बसली. त्यांचंही कुणी ना कुणी गाडीत होतं.

बाबा २८ तारखेला आले. भिवंडीपर्यंत चालत, मग नाशिक हायवेला ट्रकनं. सामानाची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेली, पायाला फोड. दारात येऊन त्यांनी आधी बॅटरीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाची आणली?"

म्हणून दूरदर्शनला कुणी सरसकट नावं ठेवली की मला पूर्ण होकार देता येत नाही. नावं ठेवण्यासारखं भरपूर आहे. सरकार कुणाचंही असो, बातम्यांचा सूर सरकारचाच. स्वायत्ततेसाठी प्रसारभारतीचा कायदा १९९०मध्ये झाला आणि प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडलं, यातच काय ते आलं. मधल्या काळात, १९९५मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या एका खटल्यात म्हटलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारचीही खासगी मालकी नाही आणि कंपन्यांचीही नाही. वकील मित्राकडून हे ऐकलं तेव्हा मला आजीच आठवली. लहरी सगळ्यांच्या. तानसाचं पाणीही सगळ्यांचंच म्हणायचं, पण पाइप कुठे जातो ते बघायचं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नव्वदीत केबल आली. मराठीसाठी दूरदर्शननं १९९४मध्ये वेगळी वाहिनी काढली, तिचंच पुढे 'सह्याद्री' झालं. 'दामिनी' ही रोजची मालिका तिथलीच, प्रतीक्षा लोणकरांची, आमच्या आत्या तिच्यासाठी भात लवकर लावायच्या. मग खासगी मराठी वाहिन्या आल्या, चकचकीत आल्या, आणि सह्याद्री लावणं म्हणजे घरात म्हातारं माणूस आहे याची खूण झाली. मीही रिमोट हिसकावून घेतलाय आजोबांच्या हातातून. खोटं कशाला बोलू.

बाबांचं दुकानही त्याच सुमारास सुकलं. एलईडी टीव्ही बिघडला की कुणी दुरुस्त करत नाही, पॅनल गेलं म्हणजे टीव्ही गेला. आता ते तिथे मोबाइलचे कव्हर आणि चार्जर विकतात.

आता ती खिडकी.

२०२०, लॉकडाऊन. 'रामायण' पुन्हा लागलं, आणि १६ एप्रिलला एका दिवसात ७.७ कोटी लोकांनी बघितलं असं दूरदर्शननं जाहीर केलं. त्याची खूप चर्चा झाली. ज्याची फारशी झाली नाही ते सांगते. शाळा बंद होत्या आणि सगळे म्हणत होते ऑनलाइन शिका. माझी चुलत बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एका पाड्यावर. तिच्या वर्गातल्या पोरांपैकी एकाच्या घरी स्मार्टफोन होता, तोही बापाबरोबर वीटभट्टीवर गेलेला. आणि रेंजसाठी टेकडी चढायची. ऑनलाइन कुठून शिकणार?

जुलैत सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, मराठीतून, अभ्यासाच्या पुस्तकांवर आधारलेलं. ताईनं पाड्यात चौकशी केली तर दोन घरांवर छत्री निघाली, डीडी फ्री डिशची. ही फ्री डिशही दूरदर्शनचीच, २००४च्या डिसेंबरात वेगळ्या नावानं सुरू झालेली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. देशात आज चार कोटींच्या वर घरांत ती आहे असा अंदाज सांगतात. तुमच्या सोसायटीत दिसणार नाही. आमच्याकडे पाड्यापाड्यांवर दिसते.

तर ताईनं त्या दोन घरांच्या अंगणात पोरं बसवली, तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून. टीव्ही उंबऱ्यावर आणून ठेवला, तोंड बाहेर करून. मी दोनदा गेले होते तिच्याबरोबर. पोरं कार्यक्रमातल्या माणसांना उत्तरं देत होती, मोठ्यांदा. टीव्हीतून प्रश्न आला की सगळी एकदम ओरडायची. समोरचा ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. मागे दोन-तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. घरवाली त्यांना म्हणाली, "उभ्या कशाला, बसा की." आणि त्या बसल्या. एवढंच झालं. मी मात्र बाबांना फोन करून सांगितलं, आणि रेल्वे क्वार्टरचं नाव काढलं. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आमच्या वेळी टीव्ही बाहेर ठेवायचं कुणाला सुचलं नाही."

त्याच काळात दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्यानं बंद होत गेले. तोपर्यंत अँटेनावर बघणारे उरले होते किती? पण आमच्या घरात एक होते. बाबा रोज संध्याकाळी सातला दहा मिनिटं तो ब्लॅक अँड व्हाइट डबा लावायचे. बातम्यांसाठी नाही, बातम्या मोबाइलवर कळतात. तो लागतोय ना, हे बघायला. एका संध्याकाळी नुसत्या मुंग्या. त्यांनी वायर पाहिली, जोड खरवडला, बूस्टर बदलला. मग शिडी लावली. आई म्हणाली, "अहो, उतरा, वय काय तुमचं." ते वर जाऊन पाइप फिरवत राहिले. मी खाली टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही, बाबा."

प्रक्षेपक बंद होतायत ही बातमी मला माहीत होती. मी ती मोबाइलवर वाचलेली होती. पण त्यांना वर असताना ओरडून सांगवेना. पंधरा-वीस मिनिटं मी "नाही" म्हणत राहिले.

खाली आल्यावर सांगितलं. त्यांनी हात पुसले, म्हणाले, "बरं. म्हणजे जोड चांगला आहे."

अँटेना अजून वर आहे. काढला नाही. आईनं त्याच्या पाइपाला कपड्यांची दोरी बांधलीय.

या भागासाठी मी त्यांच्याशी बराच वेळ बोलले, फोनवर रेकॉर्ड करून. शेवटी त्यांनी मला विचारलं, हे तुझं लोक ऐकतात ते येतं कुठून? मी सर्व्हर वगैरे समजावलं. जगात कुठेतरी मोठमोठी कोठारं असतात, त्यात आपला आवाज साठवलेला असतो, माणूस जिथे असेल तिथे मागवतो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "ते ठीक. पण दिशा कुठली?"

मला सांगता आलं नाही.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या गच्चीवर, कौलांवर जुना अँटेना राहिला असेल तर त्याचा फोटो पाठवा, आणि तो कुठल्या डोंगराकडे, कुठल्या देवळाच्या कळसाकडे लावलेला असायचा ते घरात विचारून लिहा. बाबांना मी एकेक वाचून दाखवणार आहे.